चिंचोक्यांचा कोळसा

माझी पीएचडी कशावर आहे असं कोणी विचारलं की माझ्या सासूबाई, वनमालाबाई, एका वाक्यात सांगत, "चिंचोके जाळते ते." ऐकणारा चपापून माझ्याकडे पाहायचा. पहिली एक-दोन वर्षं मी मागून धावत जाऊन समजावायचे, मग सोडून दिलं. खोटं थोडंच होतं ते?

चिंचोके मी खरोखरच जाळत होते, पण हवा लागू न देता, भट्टीत. त्यांचा जो कोळसा होतो त्याला रसायन लावून असंख्य बारीक भोकं पाडायची, त्यावर मँगनीज ऑक्साइडचा पातळ थर चढवायचा आणि त्या काळ्या मिश्रणाचा लेप नखाएवढ्या धातूच्या तुकड्यावर द्यायचा. हा झाला इलेक्ट्रोड. असे दोन समोरासमोर ठेवून मध्ये खारं पाणी घातलं की झाला सुपरकपॅसिटर. वीज बॅटरीतही साठते, पण बॅटरी सावकाश भरते. हा गडी काही सेकंदांत भरतो आणि लागेल तेव्हा काही सेकंदांत सगळं देऊन टाकतो. मिश्रणात कोळसा जागा देतो, मँगनीज वीज धरून ठेवतं, आणि दोघांचं जमलं तर एकेकट्यापेक्षा जास्त साठतं. संसारासारखं, असं म्हणणार होते, पण आमच्या घरात नवरा-बायको आणि सासूबाई असे तिघं आहोत, तेव्हा ते राहू द्या.

तर एक ग्रॅम पावडर किती वीज धरते, हा आमच्या धंद्यातला आकडा. त्या आकड्यावर माणसाची किंमत ठरते. माझा आकडा बरीच वर्षं बरा म्हणावा असा होता, चांगला म्हणावा असा नव्हता. वय एकोणचाळीस. गोंदियाहून लग्न करून रायपूरला आले, खासगी कॉलेजात शिकवण्यात मधली वर्षं गेली आणि मग मला ही हौस सुचली. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. मार्च संपायच्या आत सेमिनार देऊन कमिटीने "प्रबंध जमा करा" म्हटलं नाही, तर रजिस्ट्रेशन रद्द. तिसरी मुदतवाढ नियमातच नव्हती.

आणि अशात डिसेंबरमध्ये तो आकडा आला.

झालं असं की लॅबमधलं ओव्हन बंद पडलं. दुरुस्ती करणारा नागपूरहून यायचा होता, म्हणजे कधी येईल ते त्यालाच ठाऊक. माझं मिश्रण ओलंच. मी ते डब्यात भरून घरी आणलं, स्टीलच्या परातीत पातळ पसरलं आणि गच्चीवर उन्हात ठेवून दिलं. घरात वर्षानुवर्षं वड्या, कुरड्या, पापड वाळतात, तिथे माझा कोळसा वाळायला काय हरकत होती? दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गोंदियाला माझ्या चुलतभावाच्या लग्नाला गेलो आणि परात मी साफ विसरले. चार-पाच दिवसांनी परत आलो तेव्हा मिश्रण कडकडीत वाळलं होतं. टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून मोजून पाहिलं. आकडा आला चारशेच्या वर! आधीचे आकडे सव्वादोनशेच्या आसपास घुटमळायचे.

माझे गाइड चारुदत्त सर मूळचे नागपूरचे, सहसा शांत. त्यांनी तीनदा मोजायला लावलं, मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "रूपाली, हे तू उन्हात वाळवलंस ना? मग आता ओव्हन दुरुस्त झालं तरी लावायचं नाही. उन्हातच." आणि नागपूरच्या एका परिषदेला त्यांनी त्याच आठवड्यात गोषवारा पाठवून दिला, चारशेच्या आकड्यासकट.

आता काम एकच उरलं. तोच आकडा पुन्हा आणून दाखवायचा. एकदा आलेल्या आकड्याला आमच्यात कोणी विचारत नाही.

जानेवारीभर मी परातीवर परात वाळवली. तेच चिंचोके, तीच भट्टी, तेच रसायन, तेच ऊन. आकडा सव्वादोनशे. पुन्हा केलं, दोनशे तीस. मी चिंचोके बदलून पाहिले, पाणी बदललं, परातही बदलली. रात्री डोळा लागेना आणि दिवसा कोणी बोललेलं सहन होईना. निरंजन, म्हणजे माझा नवरा, रेल्वेच्या ऑफिसात आहे. त्याने एकदा सहज विचारलं, "यार, एक बार आला होता ना आकडा? मग तोच लिहून दे ना." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

सासूबाईंच्या त्याच दिवसांत वड्या चालू होत्या. कोहळा आणि उडदाच्या डाळीच्या वड्या, इथे रखिया बडी म्हणतात त्या. शेजारच्या छत्तीसगढी बाईंकडून शिकलेल्या आणि आता त्यांच्यापेक्षा चांगल्या करतात, असं त्या स्वतःच सांगतात. गच्चीवर एका बाजूला त्यांच्या वड्या, दुसऱ्या बाजूला माझी परात. मी सकाळी परात मांडून निघायचे, दिवेलागणीला येऊन ती आत घ्यायचे.

फेब्रुवारीत एक दिवस लॅबची वीज गेली म्हणून मी भर दुपारी घरी आले. तडक गच्चीवर गेले आणि पाहते तर माझ्या परातीवर सासूबाईंचं जुनं सुती पातळ पसरलेलं, चारी कोपऱ्यांवर विटांचे तुकडे. सासूबाई बाजूलाच वड्या परतत बसल्या होत्या.

"हे कोणी झाकलं?"

"मी," त्या वर न बघता म्हणाल्या. "रोजच झाकतो. तू गेली का झाकतो, तू यायच्या आंधी काढून धुवून टाकतो. आज लवकर आली काहून?"

"रोज? जानेवारीपासून?"

"हव. वड्यायवर टाकतो, तं तुह्या परातीवर काहून नाई टाकाव? पाय ना, कसं काळं झालं थे." त्यांनी पातळाचा कोपरा उचलून दाखवला.

काळं होणारच होतं. रायपूर राजधानी झाली, आमच्या चौबे कॉलोनीत घरांवर मजले चढले, रस्ते रुंद झाले, पण गच्चीवर पडणारी ही धूळ काही हटली नाही. वारा सिलतऱ्याकडून आला, तिकडच्या लोखंडाच्या कारखान्यांकडून, की सकाळी फरशीवर पाऊल उमटतं. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा ती नव्हती, मग हळूहळू आली, आणि तेव्हापासून त्यांचं तिच्याशी वैर आहे. दिवसाची सुरुवात त्या गच्ची पुसून आणि कारखान्यांना दोन शिव्या देऊन करतात. मला त्यांचं हे सगळं माहीत होतं. तरी मी चिडले.

"आई, मला ऊन हवं होतं! मुद्दाम उघडं ठेवलं होतं मी. तुम्ही एकदा विचारायचं तरी!"

"वाळत घातलेलं झाकाव का म्हणून कोनी इचारते का?"

"महिनाभर मी डोकं आपटतेय. माझी पीएचडी गेली ना, तर ती तुमच्या या पातळापायी जाईल."

त्यांनी विटांचे तुकडे बाजूला केले. पातळ उचललं, झटकलं, घडी घातली. मग वड्यांचं ताट उचलून गुडघ्यावर हात देत उठल्या आणि खाली गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या गच्चीवर आल्याच नाहीत. गच्ची पुसायचीही बंद झाली. एका संध्याकाळी निरंजन म्हणाला, "तू आईले काय बोलली? बराबर जेवून नाई राहिली ती." मी म्हटलं, "खरं तेच बोलले."

आणि मला खरंच तसं वाटत होतं. पातळाने ऊन अडवलं, उन्हाने होणारं काहीतरी झालं नाही, म्हणून आकडा पडला. सरांनाही ते पटलं. मी नवी परात लावली, आठवडाभर उघडी, रात्रंदिवस. मोजलं. तीनशे ऐंशी! लॅबमध्ये मी अक्षरशः टाळी वाजवली. घरी येऊन माहेरी फोन लावला आणि "उघडं ठेवल्याबरोबर आला बघ आकडा" हे वाक्य स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

नंतरच्या सोमवारी मी ती पावडर लेपासाठी द्रवात कालवत होते. त्याला आमच्याकडे चुंबकाची कांडी असते. गोळीएवढी, पांढरी, गुळगुळीत. ती भांड्यात टाकायची, खालचं यंत्र तिला गरगर फिरवतं आणि द्रव ढवळला जातो. ढवळून झालं, मी चिमट्याने कांडी बाहेर काढली, आणि तिला दाढी आली होती. दोन्ही टोकांना काळे, उभे, बारीक केस. पाण्याने धुतले तर जाईनात. बोटाने पुसले तर पुन्हा उभे राहिले.

कोळसा चुंबकाला चिकटत नाही. माझं मँगनीजही असं चिकटत नाही. असं चिकटतं ते लोखंड, आणि मी माझ्या मिश्रणात लोखंड कधी घातलंच नव्हतं.

मी तिथल्या स्टुलावर बसले. जानेवारीतल्या, पातळाखाली वाळलेल्या पावडरीच्या बाटल्या कपाटात होत्या. एकेक काढली आणि त्यातून कांडी फिरवली. कांडी पांढरी ती पांढरीच. मग डिसेंबरमधल्या, त्या लग्नाच्या वेळच्या पावडरीचा तळाला राहिलेला चिमूटभर अंश काढला. कांडी काळी झाली.

खात्री म्हणून मी घरी एक रिकामी, स्वच्छ परात थोडं पाणी घालून गच्चीवर ठेवली. जिन्यात सासूबाई भेटल्या. गच्चीवरच्या भांडणानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या, पण हे काही त्यांना गिळवलं नाही. "आता रिकामी परात वाळवून राहिली का?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं आणि वर गेले. सांगायचं होतं, पण जीभ उचलली नाही. रोज संध्याकाळी मी परातीत डोकावायचे. पाणी आटत होतं आणि तळ काळा होत होता. तो जितका काळा होईल तितकं मला बरं वाटायचं, हेही सांगून टाकते. जमलेली धूळ मी जानेवारीच्या स्वच्छ पावडरीत मिसळली. आकडा उडी मारून वर गेला. पण पुन्हा पुन्हा भरून-रिकामं करत गेले तेव्हा हा धुळीचा इलेक्ट्रोड लवकर थकला, निम्म्यावर आला. झाकून वाळवलेला मात्र जिथे होता तिथेच राहिला.

सरांना सगळं दाखवलं. त्यांनी कांडी उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"मग लोखंड म्हणून लिही," ते म्हणाले. "तीन पदार्थांचं मिश्रण. चिंचोके, मँगनीज आणि कारखान्याची धूळ. लोकांना आवडेल हे, रूपाली. कचऱ्यातून वीज."

मोह झाला नाही असं म्हणणार नाही. एका वाक्यात माझा आकडा वाचत होता आणि वर कौतुक होत होतं. "पण सर, किती लोखंड लिहू? कुठल्या दिवसाचं? वारा फिरला की बदलतं ते. आणि थकतं लवकर."

"तुझ्याकडे महिना आहे."

"महिन्यात धूळ मोजून होणार नाही, सर."

ते हसले. मग म्हणाले, "दोनशे तीसवर कमिटी काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही. गोषवाऱ्यात चारशे गेलेत माझ्या नावाने. ते मी निस्तरेन. पण सेमिनार तुझा आहे, तू ठरव."

सेमिनार मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झाला. कमिटीत बाहेरून आलेल्या एक बाई होत्या, डॉ. विनोदिनी. चष्मा नाकावर ओढून कागद वाचणाऱ्या आणि माणसाकडे क्वचित पाहणाऱ्या. मी सगळं मांडलं, झाकलेलं आणि उघडं, दोन्ही. कांडीचा फोटोही दाखवला. मागे बसलेले विद्यार्थी हसले.

बाईंनी कागद खाली ठेवला. "तुमच्या परिषदेच्या गोषवाऱ्यात चारशे आहे. इथे पडद्यावर दोन आकडे आहेत. यातला तुमचा कोणता?"

"दोनशे तीस."

"आणि चारशे?"

"तो सिलतऱ्याचा आहे, मॅडम. माझा नाही."

कोणीच हसलं नाही. सर खिडकीबाहेर बघत होते. माझ्या डोक्यात एकच विचार, संपलं. एवढी वर्षं, निरंजनने एकट्याने ओढलेला संसार, सगळं एका उत्तरात संपलं.

बाईंनी विचारलं, "स्वच्छ नमुना टिकला किती?" मी आलेख दाखवला. सरळ रेघ. त्यांनी ती रेघ पाहिली, मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आकडा कमी आहे. पण विश्वास ठेवण्यासारखा आहे. नमुने धुळीपासून वाचवले कसे?"

"सुती कापडाने झाकून. गच्चीवर."

"तुम्हाला आधीच शंका होती?"

"मला नाही. माझ्या सासूबाई झाकत होत्या. मी त्यांच्याशी त्यावरून भांडले."

आता सगळे हसले, बाईसुद्धा. तासाभराने निकाल सांगितला. धुळीवर एक छोटं प्रकरण जोडा आणि प्रबंध जमा करा.

घरी पोचले तेव्हा सासूबाई ओट्याजवळ पाटावर बसून चिंच फोडत होत्या. बस्तरकडची नवी चिंच आली होती. गर एका डब्यात आणि चिंचोके वेगळ्या टोपलीत, माझ्यासाठी. मी एवढं बोलले तरी त्यांनी ते सोडलं नव्हतं. मी तशीच, खांद्यावरची पर्स न काढता त्यांच्यासमोर खाली बसले.

"झालं, आई. जमा करा म्हणाले."

"झालं?" त्यांचा हात थांबला. "त्या उघड्या परातीवर ना?"

"नाही. झाकलेल्या. माझं चुकलं, आई. मी वाट्टेल ते बोलले तुम्हाला. माझ्या सगळ्या प्रयोगात बरोबर झालेली एकच गोष्ट होती आणि ती तुम्ही केली होती."

"म्या काय केलं? पातळ टाकलं." पण त्यांचा चेहरा उजळला, आणि तो लपवायला त्या थोड्या खोकल्या. खोकला त्यांचा दर हिवाळ्यात येतो आणि होळी झाली तरी रेंगाळतो. "मंग थो मोठा आकडा कायचा होता?"

मी सांगितलं. धुळीत लोखंड असतं, ते परातीत पडत होतं, त्याने आकडा फुगत होता. कांडीला दाढी कशी आली ते हातवारे करून दाखवलं. त्या मनापासून हसल्या. "म्हंजे जिले म्या रोज शिव्या देतो, थेच तुले पास करून राहिली होती! बह्याडच हायेस तू." त्यांचं हसणं ऐकून महिनाभराचं ओझं उतरलं. मग मी जरा बढाई मारल्यासारखं सांगितलं, बाईंना मी काय उत्तर दिलं ते. झाकलेलं ते माझं, उघडं ते सिलतऱ्याचं.

त्यांनी एक चिंच उचलली. सालाचा तुकडा नखाने उडवला. मग म्हणाल्या, रागाने नाही, सहज, वाण्याकडे भाव विचारावा तशा,

"तुही परात आठ दिवस उघडी राहिली तं इतकं पडलं. आमी तं जलमभर उघडेच राहून राहिलो इथं. मह्यात मह्यं किती अन् सिलतऱ्याचं किती, थे मोजते का तुही मशीन?"

कमिटीच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. ती परात रोज संध्याकाळी काळी होताना मी पाहिली होती. काळी व्हावी म्हणून वाट पाहिली होती, आणि त्याच वेळी खाली या खोकत होत्या. त्यांच्याकडे बघता बघता मला रडू फुटलं आणि आवरेना.

त्यांना वाटलं पास झाल्याचं रडू आहे. चिंचेचे हात पदराला पुसून त्या पुढे सरकल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "अवं पोट्टी, झालं ना आता सगळं," त्या म्हणाल्या. "आता कायले रडतं?"